कसबा पेठ : तेहेतीस, अठ्ठावीस की चौदा?

२ मार्च २०२३ रोजी पुण्यातील कसबा पेठ विधानसभा पोटनिवडणुकीची मतमोजणी सुरू असताना आमच्या संपादकीय विभागात एकाच प्रश्नाची तीन उत्तरे फिरत होती. हा मतदारसंघ भारतीय जनता पक्षाकडे सलग किती वर्षे होता? ऑनलाइन विभागाने ३३ लिहिले होते, शहर बातमीदाराच्या बातमीत २८ होते आणि ‘मतदारसंघाचा इतिहास’ ही चौकट ज्याच्याकडे होती त्या मला १४ हा आकडा अधिक प्रामाणिक वाटत होता. अशा चौकटी निकालाच्या दिवशी लिहिल्या जात नाहीत, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. भाजपचे हेमंत रासने जिंकले तर एक आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले तर दुसरी, अशा दोन्ही आधीच तयार असतात व निकाल लागला की त्यांतली एक टाकून दिली जाते.

३३ कुठून आले ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. सार्वत्रिक विधानसभा निवडणुकांचे निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल ओळीने उघडले, की कसब्यात १९९० ला भाजप आणि १९९५ ला पुन्हा भाजप दिसतो. मधे काही घडल्याची खूणही तिथे नसते, कारण त्या अहवालांत पोटनिवडणुका नसतात. प्रत्यक्षात १९९० चे आमदार अण्णा जोशी १९९१ मध्ये लोकसभेवर गेले, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात यांनी गिरीश बापट यांचा पराभव केला. अहवाल चाळून तक्ता करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. परंतु कार्यालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली असताना त्या उघडण्याचे कष्ट कोणी घेत नाही, ही गोष्ट मला अजून खटकते.

२८ हा आकडा त्यामानाने भक्कम होता. तेच बापट १९९५ पासून २०१४ पर्यंत पाच वेळा निवडून आले, २०१९ मध्ये ते खासदार झाल्यावर मुक्ता टिळक आमदार झाल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ही पोटनिवडणूक लागली. १९९१ च्या पोटनिवडणुकीत हरलेले बापट २०२३ च्या पोटनिवडणुकीत नाकाला प्राणवायूची नळी लावून, चाकांच्या खुर्चीतून केसरीवाड्यातील मेळाव्याला आले होते. ही जोडणी चौकटीत यावी असा माझा आग्रह होता आणि तेवढी ती आली.

माझा खरा वाद नकाशाचा होता. २००८ च्या परिसीमन आदेशाने, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणाऱ्या आदेशाने, पुण्यातील भवानी पेठ हा मतदारसंघच संपला, त्याचा काही भाग कसब्याला जोडला गेला आणि ऑक्टोबर २००९ ची निवडणूक नव्या हद्दीत झाली; माझे १४ तिथून मोजलेले होते. म्हणजे बापटांचे पहिले तीन विजय एका कसब्यातले आणि पुढचे दोन दुसऱ्या कसब्यातले. नाव तेच, मतदार मात्र सगळे तेच नव्हेत. नव्या हद्दीतली पहिली लढत तर तिरंगी होती. तेव्हा मनसेत असलेले धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक यांच्यात विरोधी मते विभागली गेली आणि बापट सुमारे ८ हजारांनी निवडून आले. २०२३ मध्ये तेच धंगेकर काँग्रेसचे उमेदवार होते आणि खरी लढत दोघांतच होती. असे असताना सगळे विश्लेषण सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील नाराजीपाशी, टिळक कुटुंबाला उमेदवारी नाकारल्याच्या चर्चेपाशी येऊन थांबत होते, जणू गंज पेठ आणि लोहियानगर या मतदारसंघात नाहीतच. वाहिन्यांवरील बहुतेक विश्लेषकांना लक्ष्मी रस्त्याच्या पलीकडचे पुणे ठाऊक नसते, असे माझे मत त्या दिवशी पक्के झाले.

धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी जिंकले. मुख्य उपसंपादकांनी मथळ्यात २८ ठेवले, परिसीमनाचा माझा परिच्छेद एका ओळीवर आणला आणि रात्री जाहिरात वाढल्यावर ती ओळही गेली. त्यांचे म्हणणे असे होते की वाचक नावाने मतदारसंघ ओळखतो, आयोगाच्या नकाशाने नव्हे. हे म्हणणे मला तेव्हा आळशीपणाचे वाटले होते. आता तितकेसे वाटत नाही, कारण १४ हा आकडा तरी मी कशाच्या बळावर मांडत होतो? मतदान केंद्रनिहाय मते फॉर्म २० या आयोगाच्या निकालपत्रकात मिळतात, पण पुनर्रचनेत केंद्रांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे जुन्या यादीतले एखादे केंद्र नव्या यादीत नेमके कुठे गेले हे पत्ते ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ते काम एका संध्याकाळचे नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रासने यांनी धंगेकरांना सुमारे १९ हजार मतांनी हरवले. सार्वत्रिक निवडणुकांचेच अहवाल ओळीने लावणाऱ्याला आता २०१९ ला भाजप आणि २०२४ ला पुन्हा भाजप दिसणार आहे. आमच्या तक्त्यात २०२३ ची ओळ मी १९९१ च्या ओळीसारखीच हाताने घातली आहे.