आजारपणातला थायरॉइडचा रिपोर्ट

‘वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार आहे. दम वाढला म्हणून अ‍ॅडमिट केलं, तिथे थायरॉइड कमी निघाला. पण डिस्चार्जच्या कागदावर थायरॉइडची गोळीच नाही. लिहायची राहून गेली का?’ छातीच्या ओपीडीत हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुतेक वेळा गोळी राहून गेलेली नसते, मुद्दाम दिलेली नसते. आणि तेच बरोबर असतं.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ हा हार्मोन बनवते. शरीरात खरं काम करतो तो टी३, आणि त्यातला बराचसा ग्रंथीच्या बाहेर, यकृतात, मूत्रपिंडात, स्नायूंत टी४ पासून तयार होतो. ऑक्सिजन घसरला, छातीत इन्फेक्शन झालं, जेवण सुटलं की हे काम मंदावतं. टी३ खाली येतो, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा, मेंदूतल्या ग्रंथीचा हार्मोन) मात्र बऱ्याचदा नॉर्मल किंवा थोडा कमी असतो. म्हणजे ग्रंथी धड असते, रिपोर्टात दिसतं ते आजारपण. त्यात प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स टीएसएच आणखी खाली ओढतात. माणूस सावरायला लागला की तोच टीएसएच काही दिवस उलटा वर जातो, कधी २० पर्यंतही.

अशा वेळी थायरॉइडची गोळी देऊन फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. उलट तिने शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते, हृदयाची धडधड वाढते. आधीच धापणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. म्हणून वडिलांना सावरू द्या, स्टेरॉइडचा कोर्स संपू द्या, आणि साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच व फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) पुन्हा करा. आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती मात्र बंद करू नका.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एकदा ‘दमेकरी’ असा शिक्का बसला की प्रत्येक तक्रार दम्याच्या खात्यात जाते. उभा जन्म चुलीपुढे गेलेल्या एक आजी माझ्याकडे यायच्या. पंप नीट घेत होत्या, स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, वर्षापूर्वी होती तशीच होती, तरी न्हाणीपर्यंत जाताना दोनदा टेकायच्या. ऐन एप्रिलात अंगात स्वेटर, आवाज घोगरा, पोट साफ होत नाही. चेहऱ्याची सूज सगळ्यांनी स्टेरॉइडची धरली होती. टीएसएच खूप वाढलेला आणि टी४ कमी निघाला. हा खरा हायपोथायरॉइड, म्हणजे ग्रंथीच कमी काम करत होती. त्यात श्वासाचे स्नायू दुबळे होतात, मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालनाही मंदावते. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, अगदी कमी डोसपासून वाढवत नेलं. फुप्फुसं होती तशीच राहिली, पण आजी एका दमात न्हाणीपर्यंत जायला लागल्या.

उलट बाजूही असते. हात थरथरतात, धडधडतं, वजन उतरतं; घरचे म्हणतात, पंपामुळे होतं. पंपातल्या सालब्युटामॉल या औषधाने थरथर होते हे खरं, पण त्याने मांड्या बारीक होत नाहीत. तिथे थायरॉइड वाढलेला आहे का ते बघायलाच हवं. आणि तसा निघाला, तर उपचार देणाऱ्या डॉक्टरांना फुप्फुसाचा आजार आधी सांगा. धडधड कमी करायला प्रोप्रानोलॉल देतात, आणि त्याने अशा रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकतात.