दोनच हात

डबलबेडची चादर एकट्याने घडी करण्याची एक रीत आहे. दोन टोकं दोन हातांत धरायची आणि हात जातील तितके लांब करायचे. तरी चादर मधे लोंबतेच. मग अंदाजाने मध्य शोधून तो हनुवटीखाली दाबायचा आणि मान न हलवता दोन्ही हात जवळ आणायचे. या भानगडीत एक टोक हमखास जमिनीला लागतं. पूर्वी ते लागू नये म्हणून मी खुर्चीवर चढायचे. आता लागू देते. चादर पलंगावरच पसरून घडी घालता येते हे मला आठ वर्षांनी सुचलं, त्यामुळे माझ्या हुशारीबद्दल फार भ्रम नकोत.

लग्नाला आपल्याकडे ‘दोनाचे चार हात’ म्हणतात. हा वाक्प्रचार ज्याला सुचला, तो तेव्हा चादरीचीच घडी घालत असणार.

एकट्या माणसासाठी शब्दही आहेत, पण त्यांची वाटणी बरोबर झालेली नाही. पुरुष ‘सडाफटिंग’ असतो. शब्द उच्चारला तरी मोकळं वाटतं. म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडा हेवाही असतो. बाईच्या वाट्याला मात्र क्रियापद येतं : ‘तिचं राहिलं.’ नाहीतर थेट ‘ती राहिली.’ जणू सगळे गाडीत चढले आणि ही फलाटावर सामान मोजत बसली. बरीच वर्षं मला ते टोचायचं. मग एकदा काळ बदलून बघितला. मी राहिले नाही, मी राहते. या घरात राहते, बरी राहते.

सुरुवातीला बरी राहत नव्हते, तेही सांगायला हवं. घरात शिरल्याशिरल्या टीव्ही लावायचा, तो झोपेपर्यंत चालू. बघत नसायचेच, पण कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटायचं. पुढे एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि माझी लाज जरा कमी झाली. 2014 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापून आला होता. माणसांना 15 मिनिटं एका खोलीत नुसतं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त एक बटण. ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणार. हा झटका टाळण्यासाठी वेळ पडली तर पैसे मोजू, असं आधी म्हणणाऱ्यांपैकी 18 पुरुषांतल्या 12 जणांनी आणि 24 बायकांतल्या 6 जणींनी नुसतं बसवेना म्हणून तो स्वतःच घेतला. त्यांच्यातली लग्न झालेली किती हे मला माहीत नाही, पण स्वतःशी पाव तास बसायला माणसं इतकी घाबरत असतील, तर ती भीती लग्नाने जात असेल असं वाटत नाही. माझा टीव्ही म्हणजे माझं बटण होतं, एवढं कळलं.

टीव्ही एकदम बंद झाला नाही. आधी आवाज कमी झाला, मग एका संध्याकाळी तो लावायचाच राहून गेला. त्या संध्याकाळी मी काय केलं? काहीही नाही. खिडकीशी बसले. अंधार पडला तरी दिवा लावला नाही आणि ‘अंधारात काय बसलीयेस?’ असं कुणी विचारलं नाही. हे वाक्य कुणी विचारायला नसणं म्हणजे एकाकीपणा, असं मला आजवर वाटत आलं होतं. त्या दिवशी त्याच नसण्याला एकांत म्हणावंसं वाटलं.

पलंगाची दुसरी बाजू हल्ली रिकामी नसते. तिथे पालथी पुस्तकं, चार्जर, चष्म्याचं घर आणि अर्धवट विणलेला एक स्वेटर झोपतो. कात्री ठेवली तिथेच सापडते. लग्न झालेल्यांना याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही, कात्री म्हटलं की त्यांचे डोळे पाणावतात. पण याच कात्रीची मला भीतीही वाटते. मागे भाची चार दिवस राहून गेली. ती असताना माझं अर्धं लक्ष कात्री कुठे जाते याकडे. आपल्या जागेवरच्या वस्तूंचं प्रेम वाढत वाढत माणसांना जागा उरली नाही, तर ते सुख कसलं?

आणि तापाची रात्र. त्याबद्दल गोड काही लिहिता येत नाही. पाण्याचा तांब्या चार पावलांवर असतो आणि ती चार पावलं आपणच चालायची असतात.

अशाच एका आजारपणात फॉर्म भरताना ‘तातडीच्या वेळी संपर्क’ असा रकाना आला. मी मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि नात्यापुढे ‘मैत्रीण’. काउंटरवरच्या माणसाने वाचून विचारलं, ‘जवळचं कुणी नाही?’ वाईट हेतूने नव्हे, त्याच्या डोक्यातल्या यादीत मैत्रीण बसत नव्हती, इतकंच. हार्वर्ड विद्यापीठाने 1938 पासून शेकडो माणसांची आयुष्यं टिपत आणली आहेत. म्हातारपणी कोण बरं राहतं, याच्या त्यांच्या उत्तरात जवळच्या नात्यांना फार वरचं स्थान आहे. लोक हे मला लग्नाच्या बाजूचा पुरावा म्हणून ऐकवतात. पण त्या नात्यांत मित्र येतात, भावंडं येतात, शेजारी येतात. ‘जवळचं’ म्हणजे किती जवळचं? माझ्या घराची दुसरी किल्ली जिच्याकडे आहे, ती दहा मिनिटांत येते. मी कुलूप घेतलं तेव्हा दोन किल्ल्या मिळाल्या होत्या. दुसरी वर्षभर खणात पडून होती. ती कुणाला द्यायची हे ठरवायला जितका वेळ घेतला, तितका काही जण लग्न ठरवायलाही घेत नसतील.

परवा ती आली तेव्हा मी वाळलेल्या चादरी काढत होते. ‘आण इकडे,’ म्हणत तिने दोन टोकं धरली. चार हात! मी आडवी घडी घालायला पुढे झाले, तर ती उभी घालत होती. दोघींनी एकाच वेळी दिशा बदलली, पुन्हा चुकलो, पीळ पडला. हसता हसता कशीतरी गुंडाळून तिने ती कपाटात कोंबली.

ती चादर अजून तशीच आहे. बाकीच्यांपेक्षा चार बोटं पुढे येते, आणि कपाटाचं दार लावताना तिला रोज आत ढकलावं लागतं.