ढब्बूचा ब

सांगलीत आमचं पाट्यांचं वर्कशॉप आहे. खेळण्यांचं नवं दुकान काढणाऱ्या एक ताई पाटी करून घ्यायला आल्या. दुकानाचं नाव ‘ढब्बू’, आणि अक्षरही त्यांनीच पसंत करून आणलेलं: ‘मोदक’. मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. आधी हाताने काढलेली अक्षरं, मग त्यांचा फॉन्ट. इतकी गुबगुबीत, की पोटातली पोकळी जवळजवळ संपलेली. उरते ती बारीक पांढरी रेघ. या नावाला याहून शोभणारं अक्षर मला तरी सुचलं नसतं.

खरी पंचाईत राउटरवर, म्हणजे अक्षरं कोरून कापणाऱ्या मशीनवर, झाली. फूटभर उंचीच्या शब्दात त्या रेघा जेमतेम मिलिमीटरभर, आणि आमचा बिट, म्हणजे कापणारं फिरतं टोक, ३ मिलिमीटरचं. मशीनवरचा पोरगा म्हणाला, “काका, आतल्या रेघा सोडून द्या. बाहेरची आउटलाइन कापतो. कोण बघतंय एवढं?” त्याने लगेच थर्माकोलचा नमुना कापून आणला. मी तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीला टेकवला आणि चहावाल्याला वाचायला लावला.

“ढव्वू,” तो म्हणाला.

त्याचं काय चुकलं? ब आणि व यांच्यातला फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा, आणि तीच आम्ही बुजवली होती. इथे तर ब ला ब जोडलेला, म्हणजे दोन्ही पोटं बंद. ‘मोदक’ची सगळी गंमत काळ्या भागात दिसते, पण वाचायला लागतात त्या पांढऱ्या फटी.

मग फॉन्टचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांच्या कडा हव्या तशा हलवता येतील अशा करून घेतल्या, आणि फटी रुंद करत गेलो. बिटाएवढ्या केल्या तर अक्षराचं बाळसंच उतरलं. शेवटी राउटरचा नाद सोडला. शब्दाचा बाहेरचा आकार दुधी अ‍ॅक्रिलिकमध्ये एकसंध कापला (शिरोरेषेची कृपा, नाहीतर इंग्रजीसारखं एकेक अक्षर बसवत बसावं लागतं). वर प्लॉटरवर, म्हणजे पात्याने स्टिकर कापणाऱ्या मशीनवर, कापलेलं पिवळं विनाईल चिकटवलं. प्लॉटरच्या पात्याला बारीक फट सहज जमते. फटी मूळच्या दुप्पट ठेवल्या. मागे एलईडी लावल्यावर त्या पांढऱ्याशुभ्र उजळल्या आणि ब हा ब दिसायला लागला.

ताईंना खाली इंग्रजी नाव मराठीहून मोठं हवं होतं. ते मराठी पाट्यांच्या २०२२च्या नियमात बसत नाही, तेव्हा तो विषय लगेच मिटला. पण पत्ता आणि फोन नंबरही ‘मोदक’मध्येच हवा, हा हट्ट काही सुटेना. इंचभर उंचीत छापून दाखवलं, तर नुसते पिवळे ठिपके. तो मजकूर ‘मुक्ता’त टाकला, तोही ‘एक टाइप’चाच.

“निदान नंबर तरी, दादा?”

“ताई, चुकीच्या घरी फोन गेला तर शिव्या मला पडतील.”

नंबरही ‘मुक्ता’तच लागला.