आमची वाटचाल : कितव्या पानावर सोडलं?

सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी धाकटी बहीण, आणि आजही दोघीच आहोत. काम सांगायला सोपं आहे. अकरा ते चौदा वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या शोधायच्या, आधी स्वतः पूर्ण वाचायच्या आणि मग ज्या मुलाला जे जमेल ते त्याच्या हातात द्यायचं. हे वय निवडलं कारण नेमकं इथेच वाचन सुटतं. चित्रांची पुस्तकं लहान मुलांची वाटायला लागतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून जड जातात, आणि मधल्या दोन-तीन वर्षांत योग्य पुस्तक भेटलं नाही तर मूल हळूच बाजूला होतं, मग आईबाबा म्हणतात आधी किती वाचायचा हो, आता काय झालं कळत नाही.

पहिलं वर्ष आम्ही चुकीच्या पद्धतीने घालवलं. मागच्या कव्हरवर छापलेला वयोगट बघायचा, त्याप्रमाणे यादी करायची आणि पाठवून द्यायची. पुस्तकं परत यायची, "आवडलं का" विचारलं की मुलं "हो" म्हणायची आणि पुढचं पुस्तक मात्र मागायची नाहीत. एकदा परत आलेला गठ्ठा बहीण साफ करत होती, तर एका जाड फँटसीत पान 41 वर केसाची पिन अडकवलेली सापडली आणि त्यापुढची सगळी पानं अगदी कोरी, एकमेकांना चिकटलेली. त्या मुलीने आम्हाला सांगितलं होतं की पुस्तक मस्त आहे. आम्ही दोघींनी मग त्या आठवड्यातली सगळी परत आलेली पुस्तकं उघडून बघितली, पुस्तकाचा कणा कुठपर्यंत मऊ झालाय, कोपरा कुठे दुमडलाय, आणि कळलं की अर्ध्याहून जास्त पुस्तकं पहिल्या पन्नास पानांतच सुटली होती.

तेव्हापासून आमचा प्रश्न बदलला. "आवडलं का" असं विचारायचं नाही, "कितव्या पानावर सोडलं" असं विचारायचं. आणि हा प्रश्न विचारताना आवाजात जराही नाराजी येऊ द्यायची नाही. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने 1992 साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले, त्यात पानं गाळण्याचा हक्क आहे आणि पुस्तक अर्धवट टाकण्याचाही आहे. आम्ही हे दोन हक्क मुलांना पहिल्याच भेटीत सांगतो. बरीच मुलं आधी आईकडे बघतात, मग आमच्याकडे.

पानाच्या आकड्यांची वही झाली आणि मग चित्र दिसायला लागलं. फँटसी सुटते ती बहुतेक सुरुवातीलाच, कारण पहिल्या प्रकरणात पाच राज्यं, बारा नावं आणि हजार वर्षांचा इतिहास येतो, नकाशा मागेपुढे करून मूल थकून जातं. खरं तर त्यांना जादू हवीच असते, पण आधी एक माणूस हवा, ज्याचं काहीतरी अडलंय असा. वास्तववादी कादंबरी सुरुवातीला सुटत नाही, ती मध्यात सुटते, जिथे कुणीतरी मोठं माणूस पात्राला समजावून सांगायला बसतं आणि लेखकच बोलतोय हे मुलाला कळतं. हा वास त्यांना आपल्यापेक्षा लवकर येतो.

म्हणून फँटसी निवडताना आता आम्ही दोन गोष्टी बघतो. एक, जादूची किंमत मोजावी लागते का, कारण सगळं फुकटात होत असेल तर भीती वाटत नाही आणि भीती नसेल तर रात्री टॉर्च लावून कोण वाचणार. दुसरं, पहिलं पुस्तक स्वतःच्या पायावर उभं आहे का. अर्सुला ले ग्विन यांचं 1968 मधलं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आम्ही यासाठीच खूप देतो. बारीक पुस्तक आहे, मोठं युद्ध वगैरे नाही, एक हुशार मुलगा गर्वापोटी नको ते करून बसतो आणि स्वतःच मोकळी सोडलेली सावली त्याच्या मागे लागते. तेरा वर्षांच्या मुलाला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. मोठ्या सिरीज त्यानंतर, आणि दुसरा भाग हाताशी असल्याशिवाय पहिला द्यायचाच नाही, कारण चटक लागलेली असताना आठ दिवस थांबावं लागलं की ती ऊब जाते.

वास्तववादी बाजूला एस. ई. हिंटन यांचं 'द आउटसायडर्स' अजून चालतं. त्यांनी ते पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं आणि 1967 मध्ये छापून आलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मी हे सांगितलं की वाचायला नको म्हणणारी मुलंही हात पुढे करतात, कारण मोठ्यांनी मुलांबद्दल लिहिलेलं आणि जवळजवळ त्यांच्याच वयाच्या कुणीतरी लिहिलेलं यातला फरक त्यांना कळतो. आणखी एक, मुलांना नायक आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठा लागतो, लहान असला की पुस्तक परत.

एक चूक मात्र मनातून जात नाही. एका मुलाला आम्ही कॅथरीन पॅटरसन यांचं 'ब्रिज टू टेराबिथिया' पाठवलं, खऱ्या जगातल्या दोन मुलांनी जंगलात उभं केलेलं कल्पनेतलं राज्य, म्हणजे फँटसी आणि वास्तव दोन्ही आवडणाऱ्याला अगदी योग्य असं वाटलं. त्यात एक मृत्यू आहे. त्या घरात महिन्याभरापूर्वीच कुणीतरी गेलं होतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. आईचा फोन आला, ती रागावली नव्हती, नुसती गप्प गप्प बोलत होती, ते जास्त लागलं. लेखिकेच्या मुलाची मैत्रीण 1974 साली वीज पडून गेली, त्या दुःखातून हे पुस्तक आलं आणि 1977 मध्ये छापलं गेलं, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक हा अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे दुःखातल्या मुलासाठीच लिहिलेलं पुस्तक आहे ते. पण कधी वाचायचं ते त्या मुलाने ठरवायला हवं होतं, आम्ही नाही. आता प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानापाशी एक चिठ्ठी असते, आत मृत्यू आहे, आईवडील वेगळे होतात, मारहाण आहे, जे असेल ते एका ओळीत. शेवट सांगत नाही. गंमत म्हणजे चिठ्ठी वाचून पुस्तक परत देणारी मुलं थोडी, हेच हवं होतं म्हणणारी जास्त.

पालकांशी आमचे वाद होतात, विशेषतः "जादूबिदू नको, काहीतरी शिकायला मिळेल असं द्या" यावर. मी तेव्हा त्यांना बसवून पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवते. सात-आठ मिनिटं लागतात. वाचताना मूल कुठे बघतंय तेवढं बघा म्हणते, बाकी काही बोलत नाही.

सध्या अडकलोय ते चौदाच्या पुढच्या मुलींपाशी, ज्यांना प्रेमाची गोष्ट हवी आहे पण मोठ्यांची नको. वहीत अशी सात नावं आहेत आणि आमच्याकडे चांगली पुस्तकं दोनच. बहिणीने काल तिसरं वाचायला घेतलंय, पान 60 पर्यंत पोचली आहे आणि अजून सोडलेलं नाही.