नळ राजा, भन्साळीकाका आणि पंगतीला लागणारा वेळ

आमच्या गावच्या हायस्कुलाचे वार्षिक स्नेहसंमेलन जानेवारीत होई आणि त्याची तारीख मुख्याध्यापक नव्हे, तर आठवडी बाजार ठरवीत असे. बाजाराच्या दिवशी कापसाची वेचणी बंद असते, मजुरांच्या हाती आठवड्याचे पैसे आलेले असतात, आणि त्यामुळे तिवसा तालुक्यातील त्या गावात संध्याकाळी मैदानावर जमणारी गर्दी केवळ पालकांची न राहता साऱ्या गावाची होत असे. दुपारचे कबड्डीचे सामने, रांगोळ्या, मुलींनी मांडलेली भज्यांची दुकाने, मग नाच आणि नाटिका हे सारे इतर कोणत्याही शाळेत होते तसेच होई. आमच्या गॅदरिंगचा खरा रंग चढे तो नाटिका संपल्यापासून पंगत बसेपर्यंतच्या वेळात.

वांगे-आलूची भाजी आणि बुंदी तयार झाली तरी पोळ्या व्हायला उशीर लागे. भुकेली मुले मांडवामागच्या चुलींभोवती घोटाळू लागत आणि आचाऱ्याचा पारा चढे. या मुलांना तेथून हलविण्यासाठी इतिहासाच्या सरांनी चिठ्ठ्यांचा कार्यक्रम सुरू केला. रंगमंचावर एक मडके ठेवलेले असे. सर ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याने, मग तो विद्यार्थी असो, पालक असो की मुक्कामाच्या एसटीचा वाहक असो, वर येऊन चिठ्ठी काढायची, ती मोठ्याने वाचायची आणि उत्तर द्यायचे. प्रश्न सारे ‘समजा’ने सुरू होत आणि फिरून फिरून तीनच गोष्टी विचारीत: जुन्या काळातील कोणावर तुमचे मन जडले असते, पुस्तकात ज्याला जागा मिळाली नाही असा तुमचा वीर कोण, आणि इतिहासातील कोणाच्या पंगतीला बसायला तुम्हांला आवडेल. पहिल्या प्रश्नातील ‘मन जडणे’ मुख्याध्यापकांनी खोडून तेथे ‘लग्न जमणे’ असे लिहिले होते. त्यामुळे प्रश्न सभ्य झाला, पण हशा काही कमी झाला नाही.

या प्रश्नाला मुलगे लाजून नुसते उभे राहत. उत्तरे देत त्या बायका. आमच्या भागात हा विषय तसा घरचाच आहे, कारण रुक्मिणीचे माहेर असलेले कौंडिण्यपूर आमच्याच तालुक्यात वर्धेच्या काठी आहे आणि आषाढीला तिची पालखी तेथून पंढरपूरला जाते. जिने कृष्णाला पाहिलेही नव्हते, केवळ त्याची कीर्ती ऐकून त्यालाच वरायचे ठरविले आणि एका ब्राह्मणाच्या हाती पत्र पाठवून मला घेऊन जा असे कळविले, त्या रुक्मिणीचे नाव घेऊन एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने विचारले की, माझे मन कोणावर जडले असते हे सांगण्याआधी तिला एवढे धैर्य कोठून आले ते कोणी सांगेल का? सरांनी त्यावर उत्तर दिले नाही. मराठीच्या बाईंनी मात्र टाळ्या वाजविल्या. कृष्णाने तिला नेमके कोठून नेले, यावर अमरावतीच्या अंबादेवीचा हक्क सांगणारे पाहुणे आणि कौंडिण्यपूरवाले यांच्यात दरवर्षी न चुकता वाद होई, आणि तो मिटविण्याचा प्रयत्नही कोणी करीत नसे.

परंतु बाजी मारली ती नळ राजाने. पिठाच्या चक्कीवर काम करणाऱ्या एक काकू चिठ्ठी वाचून क्षणभरही न थांबता म्हणाल्या, “मले तं नळ राजाच चालला असता. बाप्पा, सैपाकाचं तरी सुटलं असतं!” सगळे मैदान हसले, पण काकूंना कथा चांगलीच ठाऊक होती. दमयंतीही विदर्भाचीच राजकन्या. नळाला स्वयंवराच्या वेळी देवांनी वर दिले, त्यांत अन्नाची चव यमाने दिलेली होती, आणि पुढे राज्य गमावून, रूप पालटून तो बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे राहिला, तेव्हा घोड्यांइतकेच त्याचे स्वयंपाकातील कौशल्यही नावाजलेले होते. दमयंतीने त्याला ओळखले ते चेहऱ्यावरून नव्हे. केशिनी दासीकडून तिने त्याच्या हातचे शिजवलेले मांस मागविले, चाखले, आणि हा नळच अशी तिची खात्री पटली. प्रेमाच्या प्रश्नाचे आणि पंगतीच्या प्रश्नाचे उत्तर एकाच नावात देणारा दुसरा पुरुष मला अद्याप सुचलेला नाही. चूल पेटविण्यासाठी त्याला काडीपेटीसुद्धा लागत नसे, हेही काकूंनी आवर्जून सांगितले. गवताची मूठ हाती धरली की ती पेट घेई.

पंगतीच्या चिठ्ठ्यांना म्हाताऱ्यांची उत्तरे ठरलेली असत. शेगावच्या गजानन महाराजांसोबत बेसन-भाकर, कांदा आणि हिरवी मिरची, किंवा गाडगेबाबांच्या घरचे बारसे. मुलीच्या बारशाला मांस आणि दारू देण्याची रीत मोडून गाडगेबाबांनी गोडधोड वाढले होते, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी ठाऊक आहे. सेवाग्रामचे नाव निघाले की मात्र हात वर होत नसत. गांधीजी पाहुण्यांनाही कडुनिंबाची चटणी वाढीत, हे सर रंगवून सांगत आणि मग विचारीत, “कोण बसतो या पंगतीला?” एकदा एका पालकांनी ‘दर्शनाला येतो, जेवण घरून करून येतो’ असे उत्तर दिले होते.

दुर्लक्षित वीरांचा प्रश्न सर्वांत चांगला आणि त्याची उत्तरे सर्वांत सामान्य, असे मला तेव्हाही वाटे. मुले भाषणाच्या स्पर्धेत पाठ केलेलेच म्हणत. अपवाद थोडे होते. चंद्रपूरकडून बदलून आलेल्या शिक्षकांच्या मुलाने बाबूराव शेडमाके यांच्याविषयी सांगितले, ज्यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला ज्यांना चांद्याला फाशी दिली गेली; आमच्यापैकी अनेकांनी ते नाव त्या रात्री प्रथमच ऐकले. एका शिक्षिकेने प्रभावतीगुप्ता निवडली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांच्या घरी आली, विधवा झाली, आणि मुले लहान असताना तिने रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून राज्य चालविले.

खरे उत्तर मिळाले ते एका अबोल मुलाकडून, आणि तेही चुकीच्या चिठ्ठीवर. त्याच्या हाती पंगतीचा प्रश्न आला होता: समजा, इतिहासातील एका व्यक्तीला आज पहिले पान वाढायचे आहे, तर ते कोणाला वाढाल? तो म्हणाला, भन्साळीकाकांना. त्याचे आजोळ चिमूरचे होते. १६ ऑगस्ट १९४२ ला, ज्या दिवशी नदीपलीकडच्या आष्टीतही गोळ्या झाडल्या गेल्या, चिमूरला उठाव झाला आणि त्यानंतर शिपायांनी गावातील स्त्रियांवर अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील जयकृष्ण भन्साळी यांनी नोव्हेंबरात उपवास आरंभला आणि तो ६३ दिवस चालविला. हा मनुष्य मूळचा गुजराती. चिमूर त्याचे गाव नव्हते. पूर्वी मौनासाठी त्याने स्वतःचे ओठ तारेने शिवून घेतले होते आणि कच्चे पीठ व कडुनिंबाचा पाला यांवर तो राहिला होता. जेवणाशी ज्याचे इतके वाकडे, त्याला पहिले पान का, असे सरांनी विचारले, तेव्हा मुलगा म्हणाला, “चिमूरकडून त्यांचं जेवण राहिलं आहे, सर.”

मग चर्चा वेगळ्याच वाटेने गेली. पुढच्या रांगेतील एक आजी जागेवरूनच बोलल्या, “एवढ्या दिवसाच्या उपासावर वांगं नोका देऊ त्याईले, आंधी भाताची पेज द्या.” पेज की मठ्ठा, मीठ घालावे की नाही, तूप कोणत्या दिवसापासून, यावर बायकांच्या बाजूने इतका बारकाईने विचार झाला की भन्साळीकाका मांडवाबाहेर येऊन बसले आहेत असे कोणालाही वाटावे. पोळ्या तयार असल्याचा निरोप आला तरी कोणी उठेना, आणि हे आचाऱ्याच्या आयुष्यात प्रथमच घडले असावे.

सर निवृत्त झाल्यावर हा कार्यक्रम माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने उचलला. आता चिठ्ठ्या मुलेच लिहितात आणि मुख्याध्यापक काही खोडत नाहीत. गेल्या खेपेस एकीने विचारले की, समजा, मंडळाच्या पंगतीला अगस्त्य ऋषी आले, तर बसवायचे का? ज्याने वातापी राक्षसाला खाऊन पचविले, त्याला बुंदी किती लागेल याचा हिशेब करून आचाऱ्याने आपले मत विरोधात नोंदविले. त्यावर गावातील जुन्या मंडळींनी हरकत घेतली की लोपामुद्रा विदर्भाची, म्हणजे कृष्ण आणि नळ यांच्याप्रमाणे अगस्त्यही आपला जावईच, आणि जावयाला पानावरून उठवणे आपल्याकडे चालत नाही. शेवटी अगस्त्यांना बोलवावे, परंतु त्यांचे पान सर्वांत शेवटी मांडावे, असा ठराव हात वर करून मंजूर झाला.