कळपातून कोणती शेळी काढायची
रिमवर्ल्ड या वसाहत चालवण्याच्या संगणकीय खेळातल्या माझ्या वसाहतीत मागच्या आषाढात २७ शेळ्या झाल्या होत्या आणि कोठारात मात्र निम्मा हिवाळा निघेल एवढेच गवत होते. बाहेर पाऊस कोसळत होता, देवगडला आमच्या वाडीतली वीज सकाळपासून तीनदा गेली होती आणि लॅपटॉपची बॅटरी संपण्याआधी कोणती जनावरे कापायची हे मला ठरवायचे होते. या खेळातले वर्ष ६० दिवसांचे असते आणि प्रत्येक ऋतूच्या वाट्याला १५ दिवस येतात. तापमान शून्य अंशाखाली गेले की गवत वाढायचे थांबते आणि कुंपणातला सगळा कळप साठवलेल्या चाऱ्यावर येतो. त्यामुळे हा निर्णय शरदातच घ्यावा लागतो.

आधीच्या वसाहतीत मी तो हिवाळ्यावर ढकलला होता. चारा संपत आल्यावर मी घाईने यादी उघडली आणि मांस किती मिळेल एवढी एकच कसोटी लावली. करडांच्या अंगावर मांस कमी असते म्हणून ती ठेवली आणि वयात आलेल्या, अंगाने भरलेल्या शेळ्या कापल्या. काही दिवस सर्वांची पोटे भरली. मग दूध बंद झाले, कारण दुभत्या शेळ्याच गेल्या होत्या, आणि उरलेली करडे काहीही न देता उरलासुरला चारा खात राहिली. त्यांतली पाच वसंतापूर्वी उपाशी मेली. ते पाहणे मला फार जड गेले, कारण हेच काम नीट कसे करतात ते मी लहानपणापासून घरात पाहिले होते.

माझ्या आजीकडे तेव्हा पंधरा-वीस शेळ्या असत. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण शेळीच्या दृष्टीने कोकणातला पावसाळा हिवाळ्याइतकाच कठीण असतो. रान हिरवेगार असले तरी शेळीला भिजून चरणे मानवत नाही, ओल्या गोठ्यात खुरे कुजतात, कोवळ्या गवताने हगवण लागते, जंत होतात. म्हणून तिला कोरड्यात फळ्यांवर बांधून फणसाचा पाला घालावा लागतो, आणि तो पाला निसरड्या खोडावर चढून कोणीतरी उतरवावा लागतो. भर पावसात रोज किती भारे उतरवता येतील, यावरून आजी कळपाचा आकडा ठरवत असे. मृग लागण्याआधी त्या आकड्याबाहेरची जनावरे गोठ्यातून गेलेली असत. काही खाटीक घेऊन जाई, काही वाडीतच जात.

आधी बोकड जात. कळपाला एक बोकड पुरतो, आणि तोही आजी दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावातून बदलून आणत असे, म्हणजे बापाचा मुलीशी संकर होत नाही. (रिमवर्ल्डमध्ये जनावरांच्या बाबतीत या नात्याचा काहीही परिणाम होत नाही, माझ्या मते ही खेळातली मोठी उणीव आहे.) बोकडांनंतर आजी शेळ्यांचे दात पाहत असे. करडाला साधारण सव्वा ते दीड वर्षाला खालचे पहिले दोन कायमचे दात येतात, मग चार, सहा, आठ होतात, आणि पुढे ते झिजून विरळ झाले की शेळीला पाला नीट तोडता येत नाही. अशी शेळी अंगाने चांगली दिसत असली तरी पावसाळ्यात खंगते. दात चांगले असूनही दोन वेतांत करडू जगवू न शकलेली शेळी त्यांच्याबरोबर जाई. जुळी देऊन दोन्ही वाढवणारी शेळी आणि तिच्या पाटी, म्हणजे अजून न व्यायलेल्या तरुण माद्या, यांना मात्र पैशाची कितीही नड असली तरी हात लागत नसे. "पाट इकलीस तर फुडच्या वरसाक काय बांधतलंस?" असे ती विचारी.

रिमवर्ल्डच्या १.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, जनावरे आपोआप कापण्याची सोय आहे. एकूण किती ठेवायची, नर किती, माद्या किती, पिल्ले किती हे आकडे भरले की वरची जनावरे वसाहतीतला माणूस स्वतःहून कापतो. गाभण आणि जीव लावलेली जनावरे त्यातून वगळताही येतात. कोंबड्यांसाठी ही सोय उत्तम आहे, कारण अंडी उबवली जाऊ लागली की कुंपण बघता बघता भरते आणि एकेक कोंबडी निवडत बसणे शक्य नसते. शेळ्यांसाठी मी ती वापरत नाही. कोणाला मोतीबिंदू झाला, कोणाची पाठ धरली, कोणाचा पाय अधू आहे, हे त्या आकड्यांत कुठेच येत नाही.

जीव लावलेल्या जनावराचा प्रश्न वेगळा आहे. वसाहतीतल्या एखाद्या माणसाचे एखाद्या जनावराशी नाते जुळले आणि ते मेले, तर तो माणूस बरेच दिवस खचलेला राहतो. ड्वार्फ फोर्ट्रेस या जुन्या खेळात तर एखाद्या बुटक्याने पाळीव म्हणून आपलेसे केलेले जनावर कसायाकडे पाठवताच येत नाही. आजी फक्त माद्यांना नावे ठेवत असे. मी एका बोकडाला राजा म्हणू लागलो तेव्हा तिने मला जवळ बसवून सांगितले होते, "बोकडाक नाव ठेवू नको रे, मग हात चलणा नाय." तो बोकड गेला त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि आजीनेही मला जेवायचा आग्रह केला नाही.

त्या रात्री मी २७ शेळ्या एकेक उघडून पाहिल्या. सातपैकी सहा बोकड कापायला निवडले. तीन नर करडांना शरद संपेपर्यंत वाढू द्यायचे आणि मग कापायचे ठरवले. पाचही पाटी ठेवल्या. बारा मोठ्या शेळ्यांपैकी आठच ठेवता येत होत्या. त्यांत ठिपकी नावाची एक म्हातारी शेळी होती आणि स्वयंपाक करणाऱ्या मुलीचा तिच्यावर जीव होता. दातांच्या हिशेबाने ठिपकीच जायला हवी होती. मी तिला ठेवले आणि तिच्या जागी लांडग्याच्या चाव्याने पाय अधू झालेली एक तरुण दुभती शेळी काढली. हिवाळा १४ शेळ्यांवर निघाला आणि पहिले गवत उगवले तेव्हा कोठारात दोन दिवसांचा चारा शिल्लक होता.

आजीकडे आता एकही शेळी नाही. दुसऱ्या दिवशी पडवीत बसून मी तिला हे सगळे सांगितले. ठिपकीबद्दल ती काही बोलली नाही. अधू शेळीचे ऐकल्यावर मात्र तिने विचारले, "गाभण होती काय ती?"

नव्हती. ते मी आधी पाहून घेतले होते.