आखडलेल्या म्यानाला तेल पाजू नका

जुन्या म्यानाचं कातडं आखडलं की गावात ज्याला विचारा तो तेलच सांगतो. तेलानं मऊ पडतं थोडंफार, पण लांबत नाही ना बाप्पा. आणि जवसाचं तर बिलकुल नको, ते हवेत वाळून कडक होतं, म्हणून तर ऑइल पेंटात घालतात.

आमच्या कट्यारीचं म्यान म्हणजे आत लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या, वरून बकऱ्याचं कातडं अन् शिवण मागच्या बाजूनं. वर्षानुवर्षं टिनाखाली लटकलेलं, मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच 45 डिग्री तर टिनाखाली काय होत असेल विचार करा. लाकूड काही तेवढं आटत नाही, कातडं आटतं, मग शिवण उलते आणि आतलं लाकूड दिसायला लागतं.

आता नुसतं कोरडं पडून आखडलेलं कातडं ओलाव्यानं थोडंबहुत परत येतं, पण उष्णतेनं एकदा आक्रसलं की संपलं, कातड्याचे धागे ज्या प्रथिनाचे असतात ते कोलॅजनच बिघडलेलं असतं. झाडाच्या सालीत कमावलेलं नवं कातडं ओलं असताना 70 डिग्रीच्या आसपास तग धरतं, जुनं खंगलेलं त्याच्या बरंच आधी जातं, कोरडं असलं तर थोडं जास्त सोसतं. म्हणून गरम पाणी नको, हेअर ड्रायर तर नकोच नको.

मी पातं काढून म्यान झाकणाच्या डब्यात जाळीवर ठेवलं, खाली ओला स्पंज, कातड्याला टेकू न देता. रोज उघडून बघायचं नाहीतर बुरशी धरते. नरम आल्यावर कडा अंगठ्यानं हळूहळू सरकवल्या, कापडी बँडेज गुंडाळलं (सुतळी नको, वळ उठतात) आणि सावलीत वाळू दिलं. फट अर्धी मिटली. मी अजून ताणायला गेलो तर चप्पलवाले काका म्हणाले, "काहून ताणता भाऊ, फाटते ना ते!" त्यांनी बकऱ्याच्या कातड्याची पट्टी घेतली, रापीनं (चांभाराची कातडं तासायची सुरी) कडा तासून तासून कागदासारख्या केल्या आणि फटीत आतून सरकवली. चिकटवायला मैद्याची खळ, कारण पुढं कोणाला काढावी वाटली तर ओल दिली की सुटते. फेविकॉलचं तसं नाही.

पितळी टोकाखाली हिरवं मेणचट साचलं होतं, ते बांबूच्या काडीनं खरवडलं, चिंच लावली असती तर आंबट पाणी कातड्यात मुरलं असतं.

पातं आता म्यानात ठेवत नाही, कातड्यातल्या टॅनिननं अन् ओलीनं लोखंड गंजतं. दसऱ्याला पूजेपुरतं घालायचं आणि संध्याकाळी काढून ठेवायचं.